पुंडलिकचा पंप नापास झाला नव्हता

पुंडलिक गेल्याची बातमी मला नळाच्या रांगेत कळली. मे महिना, सकाळचे सहा, नळाला करंगळीएवढी धार आणि माझ्यापुढे लोकांच्या बादल्या. शेजारचे गजाननराव सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "तुमचे ते हिंगण्याचे पंपवाले वारले म्हणते जी." ऐकताक्षणी मी रांग सोडून निघालो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण मी थांबलो. माझा नंबर आला, बादली भरली, घरात नेऊन ठेवली, आणि मग गेलो. आयुष्यभर मी असाच वागत आलो. आधी आपली बादली.

दोन आठवड्यांनी लहान कारखानदारांच्या मंडळींनी शोकसभा घेतली. चांगली माणसं होती, मनापासून बोलली. एक जण म्हणाले, "त्यांचा हातपंप सरकारी चाचणीत उतरला नाही, पण म्हणून हा माणूस कधी कडवट झाला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्यांतही तेच. मी सभेत तिसऱ्या रांगेत बसलो होतो. उठून बोलायला हवं होतं, कारण 'चाचणीत उतरला नाही' हे वाक्य माझं आहे. पाटबंधारे खात्याच्या शेजारच्या आमच्या जुन्या कार्यालयात, माझ्या टेबलावर, माझ्या या बोटांनी ते टाइप झालं. आणि ते खोटं आहे.

आम्ही दोघे उमरेडचे, दोघांच्याही घरी माग. पुंडलिकच्या आईला मागाची प्रत्येक खुंटी काढता आणि बसवता यायची. पोळ्या करता करता उठून ती अडलेला धोटा सोडवी आणि परत चुलीशी जाई. पुढे पुंडलिक रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर झाला, मी सरकारी कचेरीत इंग्रजी टायपिस्ट. साठ सालानंतर केव्हातरी त्याने नोकरी सोडली आणि हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत शेड घेऊन हातपंप बनवायला लागला. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की घरातल्या बाईला जे खोलता येत नाही ते यंत्र त्या घराचं नाही. म्हणून त्याच्या पंपाला सगळीकडे एकाच मापाचे नट होते. एका पान्याने अख्खा पंप उघडे. बोअरवर पंप बसवला की तो लगेच गावाच्या हवाली करत नसे. आधी गावातल्या एका बाईला पुढे बोलवायचं, तिच्या हातात पाना द्यायचा, तिने पंप खोलायचा, आतला चामड्याचा वायसर काढायचा, परत बसवायचा, आणि पाणी आलं की मगच पुंडलिक ट्रकवर चढायचा. पाना त्या बाईच्या घरी खुंटीला राहायचा. सरपंच चिडत. "पाना ग्रामपंचायतीत ठेवा ना जी," म्हणत. पुंडलिक म्हणे, "पंचायतीले कुलूप असते. तहानेले कुलूप लागते का?"

बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारला गावोगावच्या पिण्याच्या पाण्याची आठवण झाली. आमच्या कार्यालयाकडे मोठी योजना आली. उमरेडकडच्या गावांत पुंडलिकचे पंप आधीच चालत होते, त्यामुळे हे काम त्यालाच मिळणार असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्याने शेजारची शेडही बोलून ठेवली. मग कळलं, की योजनेला परदेशी कर्ज आहे आणि कर्जाबरोबर करार आहे. त्या कराराची जाडजूड प्रत माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी ती कुतूहलाने वाचली. खरेदी आंतरराष्ट्रीय टेंडरनेच करायची. देशातल्या कारखानदाराला कोणतीही सवलत द्यायची नाही, सगळ्यांना समान संधी. वाद झाला तर निवाडा तीन माणसं करणार, परदेशातल्या एका शहरात. समान संधीच्या खाली पात्रता होती: किमान तीन देशांत माल पुरवल्याचा अनुभव. उमरेड, भिवापूर आणि कुही हे तीन देश नव्हेत, एवढं मला समजत होतं.

टेंडरबरोबर पंपाचं तांत्रिक वर्णन जोडायचं होतं. ते आमच्या इंजिनिअरांनी लिहायला हवं. पण एका दुपारी एका परदेशी कंपनीचे प्रतिनिधी आले. सफारी सूट, अतिशय नम्र, जाताना सगळ्यांना कॅलेंडर दिलं. त्यांच्या बॅगेतून जाड पांढऱ्या कागदावर टाइप केलेली नऊ पानं निघाली. साहेबांनी ती माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "आपल्या कागदावर उतरवून काढा." मी उतरवली. नळीचा व्यास, बिडाची जाडी, आतला भाग सीलबंद असावा, कंपनीच्या मेकॅनिकखेरीज कोणी उघडू नये… सगळं त्या एकाच कंपनीच्या पंपाचं वर्णन होतं. त्यात स्पेलिंगच्या दोन चुका होत्या. त्या मी दुरुस्त केल्या, सवयीने. संध्याकाळपर्यंत कंपनीचे कागद सरकारचे झाले होते.

साहेब पुण्याचे, वाईट माणूस नव्हते. मी भीत भीत विचारलं, "साहेब, ही अट आपण बदलू शकत नाही का?" ते म्हणाले, "मनोहरराव, ही आपण घातलेली नाही. काढायचा अधिकार आपल्याला नाही. मुंबईलाही नाही."

"मग कोणाला आहे?"

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. म्हणाले, "सही करायचा अधिकार तेवढा आपला आहे."

एक फट मात्र राहिली होती. स्थानिक पंप प्रत्यक्ष चाचणीत उतरला तर त्याचा विचार करता येईल, असं एक कलम कोणीतरी कराराच्या शेवटी ठेवलं होतं. त्यानुसार उमरेडजवळच्या दोन गावांत, एकात पुंडलिकचा आणि दुसऱ्यात कंपनीचा, असे दोन्ही पंप एका उन्हाळ्यापासून दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत चालवून पाहिले. आमचा कनिष्ठ अभियंता एसटीने जाऊन नोंदी घेई. त्याचा रिपोर्ट अडीच पानांचा होता. पुंडलिकचा पंप वर्षभर चालला. एकदा वायसर झिजला, तो गावातल्या गिरजाबाईने स्वतः बदलला. कंपनीचा पंप दोनदा बंद पडला, सीलबंद भागात रेती गेली, आणि मेकॅनिक येईपर्यंत ते गाव नाल्यात झिरे खणून पाणी पीत होतं.

तो रिपोर्ट साहेबांनी उभ्यानेच वाचला. आठवड्यात त्या अभियंत्याची चंद्रपूरकडे बदली झाली. साहेब मला म्हणाले, "हा कागद पुढे गेला तर सगळी योजनाच अडेल, असं वरून कळवलंय. पाण्याची योजना आहे, मनोहरराव. अडून चालेल का?" मग त्यांनी टिपण सांगितलं आणि मी टाइप केलं: स्थानिक बनावटीचा पंप चाचणीत अपेक्षित निकषांना उतरला नाही. रिपोर्ट नष्ट करायला सांगितला. मी तो फाडला नाही. टेबलाच्या खालच्या खणात, कार्बन पेपरांच्या खाली ठेवला. फाडायची हिंमत नव्हती आणि कोणाला द्यायचीही नव्हती. त्या वर्षी मी हेडक्लार्क झालो. मला दोन मुली होत्या, सरकारी क्वार्टर होतं. ही कारणं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो, इथे पुन्हा सांगत नाही.

पुंडलिक चार दिवसांनी कचेरीत आला. खुर्चीवर बसला नाही.

"काहून नापास झाला गा माझा पंप?"

"मी काय सांगू? कागद वरून आले."

"वरून येऊ दे ना. पण काल मी गावात जाऊन आलो. बाया पाणी भरून राहिल्या. नापास झालेला पंप पाणी काहून देऊन राहिला बे?"

आमचा चपराशी हसला. मीही हसलो. पुंडलिक हसला नाही. म्हणाला, "तो रिपोर्ट दाखव मले. एकदाच वाचतो. मी कुठं चुकलो तेवढं कळलं पाहिजे. सुधारतो मी."

त्याला भांडायचं नव्हतं. कोर्टात जायचं नव्हतं. सरकारने लिहिलंय म्हणजे काहीतरी चुकलंच असणार, एवढा त्याचा सरकारवर विश्वास होता. माझ्यावर त्याहून जास्त. मी म्हणालो, "शोधतो." त्याच्यासमोर कपाट उघडलं, फायली वरखाली केल्या, धूळ उडवली. माझा गुडघा त्या खालच्या खणाला लागत होता. "नाही सापडत गा," मी म्हणालो. तो म्हणाला, "सापडला तर सांगजो." त्यानंतर कितीदा तरी त्याने विचारलं. लग्नात, बाजारात, एकदा दवाखान्यात मला भेटायला आला तेव्हासुद्धा. मी दर वेळी म्हणालो, शोधतो.

शेड हळूहळू रिकामी झाली. लेथ विकला. उरलेल्या कोपऱ्यात तो वसाहतीत कामाला येणाऱ्या कामगारांच्या सायकली आणि उन्हाळ्यात कूलरच्या मोटारी दुरुस्त करू लागला. गावांतले त्याचे पंप काढून कंपनीचे बसले. एका दिवाळीनंतर आम्ही दोघं उमरेडहून एसटीने परतत होतो. वाटेत गिरजाबाईच्या गावाशी गाडी पंक्चर झाली, म्हणून उतरलो. नवा निळा पंप बंद पडलेला होता आणि गिरजाबाई खुंटीवरचा जुना पाना घेऊन त्याच्याशी झटत होती. पाना नुसता फिरत होता. पुंडलिकला पाहून ती म्हणाली, "काहून जी पुंडलिकभाऊ, याले आपला पाना लागत नाही? याले कोणाचा लागते?"

पुंडलिक म्हणाला, "माझाच पंप खराब होता ना माय. म्हणून हा आणला."

"खराब?" ती म्हणाली. "कोण सांगते? मी खोलला होता ना तो. मले विचारलं का कोणी?"

मी एसटीच्या टायरकडे बघत उभा राहिलो. तिथे मी एक वाक्य बोललो असतो तरी…

सध्या वर्तमानपत्रांत जगाच्या व्यापाराच्या नव्या वाटाघाटींबद्दल छापून येतं. सरकारांनी आपल्या माणसांच्या मालाला झुकतं माप देऊ नये, दारं सगळ्यांना सारखी उघडी असावीत, असं मोठमोठे लोक लिहितात. मला त्यातलं अर्थशास्त्र कळत नाही. मला एवढंच ठाऊक आहे, की मी त्या सारख्या उघड्या दाराजवळ बसलो होतो, आणि दाराचं माप आत येणाऱ्याने स्वतःच लिहून आणलं होतं. ते माप सरकारच्या कागदावर चढवायला कोणी बंदूक दाखवली नाही, लाचही दिली नाही. एक टायपिस्ट पुरला. आज अशा किती कचेऱ्यांत किती टायपिस्ट बसले असतील, आणि त्यांना मी काय सांगणार? मीच सांगू शकलो नाही, तेव्हा साहेबांना नाही आणि नंतर मित्रालाही नाही.

चाचणीतला पंप सरकारने परत केला तेव्हा पुंडलिकने तो आपल्याच अंगणातल्या बोअरवर बसवला होता. दर रविवारी तो खोलायचा. सगळे भाग गोणपाटावर मांडायचे, भिंगातून बघायचे, परत जोडायचे. चूक शोधत होता. अकरा-बारा वर्षं… नसलेली चूक. यंदा मार्चमध्ये मी शेवटचा गेलो, तेव्हा तो खाटेवर होता, पण डोळे चमकत होते. म्हणाला, "मनोहर, सापडलं वाटते मले. वायसरची वाटी जराशी उथळ होती. तेच असंन, नाही का?"

मी म्हणालो, "असेल."

तो समाधानाने उशीवर टेकला. ते आमचं शेवटचं बोलणं.

गेल्या रविवारी तो रिपोर्ट खिशात घालून मी पुंडलिकच्या घरी, सिंधूवहिनींकडे गेलो. निवृत्त होताना खण रिकामा केला तेव्हापासून तो माझ्या ट्रंकेत आहे. वहिनींनी पंप हापसून तांब्या भरून दिला. पाणी पहिल्याच हिसक्याला आलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही तेवढा कागद शोधला त्यांच्यासाठी. ते नेहमी सांगत. नाही सापडला, त्याले तुम्ही तरी काय करान?" मी पाणी प्यालो. कागद खिशातच राहिला. परत निघताना पाहिलं, दारामागे खुंटीला पाना लटकत होता, आणि शेजारी गोणपाट घडी करून ठेवलं होतं. आता त्यांचा मुलगा रविवारी पंप खोलून बसतो. वडिलांचं राहिलेलं काम म्हणून.

वहिनी, रविवारची पुरवणी सूनबाई तुम्हाला अंगणात वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. म्हणून इथे लिहितो आहे. तोंडाने सांगणं मला जमलं नाही. अडीच पानांचा तो रिपोर्ट उद्या टपालाने निघेल. त्याची शेवटची ओळ अशी आहे: 'स्थानिक पंप सर्व बाबतींत योग्य आढळला.' सूनबाई, ही ओळ पुन्हा एकदा मोठ्याने वाच. आणि मुलाला सांग, पाना खुंटीलाच राहू दे. त्या पंपात बिघडलेलं काही नाही.