एक मेंढी, की सगळ्या

तिसगावात कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला, की तो जहिरा मॅडमकडे जायचा. बँकेचा असो, दवाखान्याचा असो, नाहीतर जावयाच्या कंपनीचा. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवायला लागून त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. वडील अजीजभाई गावोगावच्या बाजारात बांगड्या भरायचे. त्यांच्या घरात इंग्रजीत एम.ए. करणारी ही पहिलीच मुलगी, आणि गावानं तिला कधी मोकळं सोडलं नाही. भाजी घेताना, लग्नाच्या मांडवात, अगदी मयताला गेल्यावरसुद्धा कुणीतरी मोबाईल पुढं करायचंच. मॅडम चष्मा लावायच्या, वाचायच्या आणि दोन वाक्यांत अर्थ सांगून मोकळ्या व्हायच्या.

वर्गात मात्र त्या कडक होत्या. एकवचन-अनेकवचनाचा धडा आला, की पोरं टरकायची. “मेंढी एक असली तरी शीप, शंभर असल्या तरी शीप. हरिण एक असलं तरी डिअर, कळप असला तरी डिअर. शेवटी एस लावलात, तर मार्क गेला,” असं त्या फळ्यावर खडू आपटत सांगायच्या. कुणीतरी हमखास विचारायचं, “मग मॅडम, एक का शंभर ते कळायचं कसं?” त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. “आजूबाजूचे शब्द बघायचे. वॉज असेल तर एक, वेअर असेल तर जास्त.” पोरं मागून त्यांना ‘नो-एस मॅडम’ म्हणायची, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. गुरुवारी मधल्या सुट्टीत छबूबाई शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. साठीची, उन्हानं रापलेली धनगराची बाई. तिचा नवरा छगन दरसाल मेंढरं घेऊन कोकणाच्या वाटेला लागायचा. या वर्षी गुडघ्यामुळं छबूबाई घरीच थांबली होती, आणि बरोबरची माणसं एक मजल पुढं गेल्यानं छगन मागं एकटाच चालला होता. छबूबाईनं पदरात गुंडाळलेला फोन पुढं केला.

“ह्ये काय आलंय बगा बरं, जहिराबाई. आमच्या धन्याचा फोन लागंना सकाळधरनं.”

मॅडमच्या हातात डब्यातली अर्धी चपाती होती. त्यांनी वाचलं. घाटात रस्त्याचं काम चालू होतं, तिथल्या कुणा परमुलखातल्या इंजिनिअरनं पाठवलेला मेसेज होता. ‘शीप किल्ड बाय टँकर इन घाट. ओनर सेफ. प्लीज सेंड फॅमिली.’

“घाबरू नका मावशी,” मॅडम म्हणाल्या. “टँकरखाली मेंढी गेली. काका सुखरूप आहेत. घरच्यांना पाठवा म्हणतायत.”

छबूबाईनं श्वास सोडला. “एक मेंढरू गेलं म्हून घरच्यांला बलिवत्यात? परमुलखातली मान्सं, त्यांला काय ठावं. आमची दर साली दोन-चार जात्यातच की.” मग जाता जाता म्हणाली, “धनी धड हाय ना, मग झालं.”

घंटा झाली. मॅडमनी हात धुतले आणि त्या दहावीच्या वर्गात गेल्या. घरी छबूबाईनं पोराला, कानिफनाथला, निरोप सांगितला. तो टेम्पो चालवायचा, आणि काष्टीच्या बाजाराचं भाडं त्यानं आधीच धरलं होतं. एका मेंढीसाठी ते मोडायचं कशाला म्हणून तो काष्टीला गेला.

शुक्रवारी सकाळी सातला मॅडमच्या दारात टेम्पो थांबला. त्यांचे पती तौफिक यांनी दार उघडलं. कानिफनाथ आत आलाच नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहिला. एकेकाळी तो मॅडमच्याच वर्गात होता.

“मॅडम, पुढं गेलेल्या हनुमंताचा फोन आल्ता. एकसष्ट मेंढरं मेली. फकस्त तीन राह्यली.” त्याचा आवाज फाटला. “तुमी एक म्हनला हुता.”

मॅडमना आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते. मग त्यांनी हात पुढं केला. “दाखव. मेसेज दाखव.”

शब्द कालचेच होते. शीप किल्ड. ना वॉज, ना वेअर, ना आकडा. त्यांनी परत वाचलं, परत वाचलं. काल याच शब्दांत त्यांना एक मेंढी दिसली होती, अगदी स्वच्छ, रस्त्याच्या कडेला पडलेली. आता त्याच अक्षरांतून अख्खा कळप आडवा झालेला दिसत होता. तौफिक काहीतरी विचारत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. सव्वीस वर्षं ज्या शब्दावरून पोरांचे मार्क कापले, तो शब्द त्यांना वाचता आला नव्हता. विचारावं, फोन लावून एकदा खात्री करावी, एवढंसुद्धा सुचलं नव्हतं.

“मी येते,” त्या म्हणाल्या आणि पायात चपला सरकवून टेम्पोत बसल्या. पुढच्या सीटवर छबूबाई होती. टेम्पो आळेफाट्यावरून घाटाकडं निघाला.

घाटाच्या तोंडाशी पोचायला दुपार झाली. रस्ता धुऊन काढलेला होता, तरी डांबरावर लांबच लांब काळा डाग होता. लोखंडी कठड्याला लोकरीचे पुंजके अडकले होते, वाऱ्यानं हलत होते. खाली उतारावर जेसीबीनं नुकताच बुजवलेला मोठा खड्डा दिसत होता, ओल्या लाल मातीचा. आणि झाडाखाली छगन बसला होता. तीन मेंढ्या त्याला चिकटून उभ्या होत्या. समोर कुणीतरी ठेवलेलं जेवण तसंच पडलं होतं.

छबूबाई टेम्पोतून उतरली आणि इकडं तिकडं बघायला लागली. “कुटं हायती?” तिनं विचारलं. “मेंढरं कुटं हायती आपली?”

छगननं खड्ड्याकडं बोट केलं. “काल दिसभर थांबवलं म्या जेसीबीवाल्यांला. म्हनलं, माझी मालकीन येतीया. तिनं हातानं जगवल्याती पिल्लं, तिला बगू द्या एकडाव. रातभर बसलो राखत. सकाळच्याला वास सुटला, मग त्येंनी ऐकलं न्हाई.” त्यानं वर बघितलं. “काल का न्हाई आली तू?”

कानिफनाथनं तोंड उघडलं, पण मॅडम पुढं झाल्या. “माझ्यामुळं, काका. मेसेज मी वाचला. सगळ्यांचा होता, मी एकीचा सांगितला.”

छगन त्यांच्याकडं बघत राहिला. शिवी येईल, हात उठेल, असं मॅडमना वाटलं. तसं काहीच झालं नाही. त्याला ते कळलंच नव्हतं. “इंग्रजीत एक आन साठ येकच आस्तं व्हय?” त्यानं विचारलं, खरोखरच विचारलं. छबूबाई खड्ड्यापाशी जाऊन मातीवर दोन्ही हात टेकून बसली, तेव्हा मॅडमच्या तोंडून हुंदका फुटला.

संध्याकाळी तीन मेंढ्या टेम्पोत चढवून सगळे परतले. पुढचा महिनाभर मॅडम छबूबाईच्या घरी जात राहिल्या. पहिल्या दोन वेळा तिनं दार उघडलं, पण ‘बसा’ म्हणाली नाही. तिसऱ्या वेळी तिनं चहा टाकला आणि म्हणाली, “तुमी काय मुद्दाम केलं न्हाई, जहिराबाई. पर मला त्येंचं तोंड दिसलं न्हाई, ह्ये माज्या मनातून जात न्हाई. जानार बी न्हाई. तुमी येत जावा, पर म्या हसंल आसं धरू नका.” मॅडमनी ते मान्य केलं.

माघात छगनच्या भावकीनं खर्डा गावापासून पार इकडंपर्यंत घरटी एक-एक मेंढी दिली. आधीच्या तीन धरून एकवीस मेंढरं झाली. छगन पुन्हा कोकणाकडं गेला नाही, गावाच्या शिवारातच फिरवतो. डांबरी रस्ता आला, की तो कळप थांबवतो, दोन्ही बाजूंना बघतो, आणि गाडी नसली तरी बराच वेळ तिथंच उभा राहतो. शाळेतून येताना मॅडमना तो दिसतो. त्याही थांबतात. मेंढ्या पलीकडं जाईपर्यंत एक-एक करून मोजतात, आणि मग घरी जातात.