पोरीच्या अंगाला मानवेल ते

"बाळंतीण घरात यायच्या आत पोरीचं अंग बरं कर. न्हाय झालं, तर तिला घेऊन वळसंगला जा. मग बघू."

आमच्या अत्तीनं हे भाकरी थापता थापता सांगितलं, मान वरसुद्धा न करता. आमच्यात सासूला अत्ती म्हणतात. वळसंग माझं माहेर. आणि त्या 'मग बघू'चा अर्थ कुठल्याही सुनेला विचारा, ती सांगेल. धाकटी जाऊ माहेरी बाळंत झाली होती. तिसरा महिना संपला की ती बाळाला घेऊन सोलापूरला येणार होती. माझ्या हातात तेवढाच वेळ होता.

माझी पोर चार वर्षांची. मानेभोवती, कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागं तिची कातडी लाल होऊन फुटायची, लस गळायची. खाजवून खाजवून नखांत रक्त यायचं. सिव्हिलमधल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हे इसब आहे, एकाचं दुसऱ्याला होत नाही, फक्त कडक साबण लावू नका. त्यांनी लिहून दिलेली मलमाची ट्यूब करंगळीएवढी होती, आणि गुळगुळीत कागदातला बाळसाबण दुकानदारानं दाखवून परत फळीवर ठेवला. आमच्याकडं बघूनच त्यानं ओळखलं असावं.

अत्तीच्या लेखी ती खरूजच. "डॉक्टरचं काय जातंय सांगायला? त्याच्या घरात तान्हं येणार हाय व्हय?" म्हणायची. पोरीचं ताट वेगळं, अंथरूण वेगळं. पोर कुणाच्या जवळ गेली की अत्ती कानडीत ओरडायची, "मुट्टब्याडा!" म्हणजे शिवू नको. दिवसभर घरात तेच. पोरगी शेजारच्या मांजराला हात लावायला गेली तरी मुट्टब्याडा. मला वाटायचं, एक दिवस चुलीतलं लाकूड काढून कुणालातरी हाणीन.

तेव्हा कपड्याला आणि अंगाला मिळून घरात एकच लाल साबण असायचा, जंतू मारणारा. अत्तीनं एकदा मी नसताना त्या साबणानं पोरीला घासून काढलं. मी दारात आले तर पोर मोरीत उभी राहून किंचाळत होती. त्या दिवसापासून साबण बंद. मग मी काय काय नाही केलं! डाळीचं पीठ लावलं, ते खरखरीत, ओरखडे उठले. रिठ्यानं आग आग झाली. कडुनिंबाच्या पाण्यानं खाज थांबायची पण कातडी आणखी कोरडी पडून तडकायची. "अतिशहाणा त्याचा बैल रिकामा," अत्ती मला ऐकवायची. गल्लीतली बाई आली की नवा उपाय सांगून जायची, आणि जाताना पदर सावरून पोरीपासून चार हात लांबून जायची.

शेवटी मानवलं ते आमच्या घरातलंच. दुष्काळ सरला होता, रेशनची ती लाल मिलो ज्वारी संपून डब्यात पुन्हा शाळू आला होता. शाळूच्या पिठाची पातळ आंबील करायची, वस्त्रगाळ करायची, कोमट झाली की तीच अंगाला चोळून ओतायची. वर अंग ओलं असतानाच घाण्यावरचं करडईचं तेल. पहिल्यांदा केलं तेव्हा पोर आंघोळ करताना रडली नाही. मोरीत बसून मला म्हणाली, "आई, हे चावत न्हाय." मला तिथंच रडू कोसळलं.

पण तोही आनंद टिकेना. आंघोळ झाली की पोर शांत, आणि तासाभरात परत खाजवायला सुरू. मानेवर नवा चट्टा, काखेत नवा चट्टा. मी आंबील आणखी गाळायची, तेल बदलून आणायची. जाऊबाईचा सांगावा आला, बाळ बाळसं धरतंय, येत्या पौर्णिमेनंतर निघू. अत्ती बाळंतिणीची खोली सारवायला लागली. आणि पोरीचं अंग होतं तसंच.

मधेच पंचमीला मी तिला घेऊन वळसंगला गेले. तिथंही तेच पीठ, तेच तेल. आणि सांगू काय, सणाचे दिवस सरेपर्यंत पोरीची मान स्वच्छ! खपल्या गळून खालून कोवळी कातडी आली. मी उड्या मारत सोलापूरला परतले. अत्तीनं पोरीला लांबूनच न्याहाळलं. तिच्यासाठी कोरा टॉवेल काढून ठेवलाच होता.

या टॉवेलाचं सांगायला पाहिजे. अक्कलकोट रोडला आमच्या मामांची, म्हणजे सासऱ्यांची, मागांची शेड होती. डागी निघालेले टॉवेल घरी यायचे. सोलापूरच्या घरात एक वेळ तेल नसेल, टॉवेलाला तोटा नाही. अत्तीला वाटायचं, रोग टॉवेलात राहतो. म्हणून पोरीचा टॉवेल दोन-तीन वापर झाले की बंबात जाळायचा आणि तिला नवा द्यायचा, थेट मागावरनं उतरलेला, कडक. धुवायचा कशाला, कोराच तर होता. आल्यागेल्याला अत्ती मोठ्या तोऱ्यात सांगायची, "नातीला रोज नवा टॉवेल देते मी, कुणाच्या घरात देतात?"

परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी पोर खाजवायला लागली. आंघोळीनंतर लालभडक टॉवेल गुंडाळून उंबऱ्यात बसली होती. मी टॉवेल काढला तर तिचा पांढरा परकर कमरेपाशी लाल. मला वाटलं रक्त. परकर पाण्यात घातला, चोळला. ते रक्त नव्हतं, रंग होता.

मी तो टॉवेल उचलला आणि गरम पाण्याच्या बादलीत बुडवला. पाणी लाल झालं. हात घातला तर बुळबुळीत. सुताला लावतात ती खळ, पिठाची आणि आणखी कशाकशाची. वळसंगला आई तिला आपल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यानं टिपायची, ते मला तेव्हा आठवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी सगळ्या सोलापुरात साबण शोधत फिरले, आणि पोरीला सोलत होतं ते आमचंच कापड. जितकी कातडी फुटेल तितका टॉवेल नवा, आणि टॉवेल जितका नवा तितकी कातडी फुटायची.

दुपारी मामा आणि पोरीचे वडील जेवायला आले. मी ताटांच्या आधी बादली पुढं ठेवली. या घरात मामांसमोर मी कधी तोंड वर करून बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले.

"हिचं अंग याच्यानं फुटतंय."

"टॉवेलनं?" मामा हसले. "अगं, सगळा मुलूख आमच्या टॉवेलनं अंग पुसतो. कुणाला काय झालं न्हाय."

"त्यांना होत नसेल. हिला होतंय."

"मालाला नाव ठेवतेस व्हय गं?" अत्ती कडाडली. पोरीचे वडील रिकाम्या पाटाकडं बघत बसले. त्यांचा मला त्या क्षणी अत्तीपेक्षाही जास्त राग आला.

मामांनी बादलीत हात घातला. बोटांत पाणी चोळून बघितलं. मग पोरीला जवळ बोलावलं आणि तिच्या मानेचा चट्टा बघितला, कितीतरी वेळ. "खळ हाय," म्हणाले. "दोन-चार पाण्यातनं काढायला पाहिजे होतं की."

दोन-चार पाणी! एवढंच! अत्ती आत गेली, ट्रंकेतलं आपलं विटकं इरकली लुगडं काढलं आणि चर्र करून फाडलं. तुकडे माझ्या पुढ्यात टाकले आणि भाकरी वाढायला बसली.

पौर्णिमेनंतर जाऊ आली तेव्हा पोरीच्या अंगावर एक चट्टा नव्हता. मी तिला झंपर-परकर घालून, वेणी घालून तयार ठेवली होती. मला सगळ्यांना दाखवायचं होतं. वळसंगचं गाठोडं बांधावं लागलं नाही, म्हणून छाती भरून आली होती. अत्तीनं बाळावरनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला मांडीवर घेऊन बसली. स्वतःच हाक मारली, "ये गं, भावाला बघ. जवळ ये."

पोर उंबऱ्याशीच थांबली. दोन्ही हात पाठीमागं.

"ये की," अत्ती म्हणाली. "आता चालतंय."

ती हळूहळू जवळ आली, पण हात पुढं करेना. बाळानंच मूठ उघडली आणि तिच्या वेणीकडं हात टाकला. पोर झटकन मागं सरली, आणि त्याला घाबरवू नये अशा बारीक आवाजात म्हणाली, "बाळा, मुट्टब्याडा."

अत्तीनं बाळ जावेकडं दिलं आणि तोंडाला पदर लावून मोरीकडं गेली. बराच वेळ ती तिकडून आली नाही.