टोमॅटोसाठी मुदतवाढ

निवृत्तीनंतर क्वार्टर सोडायला नियमाने काही महिने मिळत. मी ते घेतले नाहीत. माझ्या आधी निवृत्त झालेले लोक क्वार्टरला चिकटून बसायचे, त्याची मला चीड यायची. म्हणून मी आधीच ऑफिसात लिहून दिलं, शेवटच्या दिवशीच किल्ली देईन. बायकोला विचारलं नाही, लिहून आल्यावर सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि अंगणात गेली.

अंगणात तिचं टोमॅटोचं झाड होतं. जवळजवळ सगळी नोकरी आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये वरच्या मजल्यांवर काढली. तिचे गुडघे दुखायला लागले तेव्हा ती म्हणाली होती, "खालचं क्वार्टर मागा ना." मी म्हटलं, नंबर लागेल तेव्हा मिळेल, मी कुणापुढे हात पसरणार नाही. नंबर लागला तो शेवटच्या वर्षी. पहिली रोपं माकडांनी उपटली. दुसऱ्या खेपेला एकच रोप जगलं, त्यावर एकच फळ टिकलं, आणि जायला दहा दिवस उरले तरी ते हिरवंगार.

माझी झोप उडाली. जानेवारीची थंडी, त्यात फळ पिकणार कधी? सकाळी भोंगा व्हायच्या आधी मी मफलर गुंडाळून त्याच्यापाशी वाकून बघायचो, संध्याकाळी वर गोणपाट टाकायचो. कारखान्यात मशीनपाशी उभा असतानाही माकडं आठवायची. घरात अयोध्या नगरात घेतलेल्या आमच्या फ्लॅटसाठी खोकी भरली जात होती. तो फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर.

शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भाभीजी, तोड़ के चावल के डिब्बे में रख दो, पक जाएगा."

"वैसे पके हुए तो बाज़ार में भी मिलते हैं," बायको म्हणाली.

किल्ली द्यायच्या आदल्या दिवशी फळाच्या बुडाशी जरासा पिवळेपणा आला. तिने गोणपाट उचलून पाहिलं, पुन्हा झाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

शेवटच्या दिवशी निरोपाचा हार पिशवीत कोंबून मी क्वार्टरच्या ऑफिसात गेलो. आठ दिवस हवेत, म्हटलं. कारण काय सांगायचं ते वाटभर घोकत आलो होतो, बाबूने ते विचारलंच नाही. मान वर न करता त्याने शिक्का मारला. "बस, आठ ही दिन?"

घरी आलो तर ती फळाला हात घालून उभी.

"थांब, तोडू नकोस! आठ दिवस मिळालेत."

"कुणी दिले?"

"मागितले मी."

ती पायरीवर बसली आणि रडायलाच लागली. मला काय करावं सुचेना, म्हणून मी झाडाला पाणी घातलं.

सहाव्या सकाळी टोमॅटो लालबुंद झाला. तिने अलगद पीळ दिला, तो देठासकट हातात आला, आणि ती खळखळून हसली. इतकी मोकळी हसलेली मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. माझा जीव भांड्यात पडला. पायरीवर बसून, मीठ लावून, आम्ही अर्धा अर्धा खाल्ला.

"अजून काय काय मागायचं राहिलं गं तुझं?" मी विचारलं.

ती बोटांवर मोजायला लागली. मग म्हणाली, "आता राहू दे. खा आधी, रस गळतोय."