डेल्मर क्विस्टची निळी फीत

डेल्मर क्विस्टला गावात कोणी शहाणा म्हणत नसे, वेडाही म्हणत नसे. 'डेल्मर म्हणजे डेल्मर' म्हणून लोक विषय संपवत. पस्तीस वर्षं त्याने लाकडाच्या गिरणीत काढली, दोन बोटं तिलाच देऊन टाकली, आणि दर ऑक्टोबरात मोन्टानाच्या त्या डोंगरातून हिवाळाभर पुरेल एवढं एल्कचं मांस घरी आणलं. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण. पाडायला एक गोळी पुरते, पण घरी आणायला चांगला घाम गाळावा लागतो.

विसाव्या वर्षी डेल्मरने वरच्या खोऱ्यात, वनखात्याच्या फाटकापासून सात मैलांवर, एक नर पाडला. एकट्याने खेपा घालता घालता ऊन चढलं आणि मागची एक तंगडी सडली. बाप एका शब्दाने रागावला नाही. फक्त हिवाळाभर त्याने मुलाच्या ताटात मांस वाढलं नाही.

तेव्हापासून डेल्मरचा नियम ठरला. मोटारी वनखात्याच्या फाटकाशी थांबतात आणि तिथून पुढे लाकूड ओढायची जुनी वाट वर खोऱ्याला जाते. दर ऑगस्टात तो ओट धान्याचं, मांसाच्या एका खेपेएवढं साठ पौंडांचं पोतं पाठीवर घेऊन फाटकातून निघे. अर्धी ताकद संपली असं वाटलं की तिथल्या झाडाला निळी फीत बांधी आणि उरलेल्या अर्ध्या ताकदीत पोतं परत आणी. त्या मोसमात फितीच्या पलीकडे तो गोळी झाडत नसे, मग समोर केवढाही नर येऊन उभा राहो.

तरुणपणी फीत थेट खोऱ्याच्या तोंडाशी असायची. पन्नाशीत ती चार मैलांवर आली, खुब्याच्या ऑपरेशननंतर दोनवर. एकाहत्तराव्या वर्षी पाऊण मैलावरच पाय 'बस' म्हणाले.

"पुढच्या वर्षी आपल्या अंगणातच बांध," त्याची बायको आर्डिस म्हणाली. "मला खिडकीतून दिसेल तरी."

त्याच सप्टेंबरात गावाच्या बंबखान्यात सभा भरली. फाटकापुढच्या वाटेवर बॅटरीच्या सायकली सोडाव्यात की नाही, यावर वनखात्याला लोकांचं मत हवं होतं. कॉफी होती, रानबेरींचा केक होता, आणि खाऊन झाल्यावर भांडण होतं.

ऑटिस रॅस्क उठला. पंचेचाळीस वर्षं तो आणि डेल्मर एकाच तंबूत झोपत आले होते, पण ऑटिसने वसंतातच नवीकोरी सायकल घेतली होती.

"पैसेवाला घोडे भाड्याने घेऊन वर जातो," ऑटिस म्हणाला. "त्याला कोणी हटकत नाही. आणि आमच्यासारख्यांनी काय, फाटकाला टेकून माशा मारायच्या? हा डेल्मर बघा. तीन वर्षांत त्याने खोरं पाहिलं नाही. सायकलीवर बसवला तर तासाभरात पोचेल. हे त्याच्यासारख्यांसाठीच आहे."

सगळ्या माना डेल्मरकडे वळल्या. तो खुर्चीच्या पाठीचा आधार घेऊन उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"ऑटिस, माझ्या खांद्यावर बंदूक ठेवू नकोस. तुला जायचंय, तर तुझ्या नावाने माग." लोक हसले. तो थांबला नाही. "वर एल्क का राहतात? आपले पाय तिथवर पोचत नाहीत म्हणून. पाय थकले की तेवढं रान त्यांना परत द्यायचं असतं. मी दर वर्षी थोडं थोडं देतोय. सुखाने देतोय असं नाही."

मागून क्लिंट बोलला. त्याचा एक पाय युद्धात गेला होता. "माझे पाय वयाने थकले नाहीत, डेल्मर. मी कुठलं रान परत देऊ?"

डेल्मर त्याच्याकडे वळला. "तुला उत्तर द्यायची माझी लायकी नाही," तो म्हणाला. "तुझं तू माग. मी माझ्यापुरतं बोललो." आणि खाली बसला.

खात्याने एका वर्षासाठी परवानगी दिली. डेल्मर हरला, सरळ हरला. शिकारीचा मोसम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ऑटिस दारात दोन सायकली घेऊन हजर.

"ही तुझ्यासाठी उसनी आणलीय. चल, म्हाताऱ्या. मेल्यावर खोरं दाखवू का तुला?"

खोरं पाहायची इच्छा डेल्मरला इतकी होती की त्याचा हात सायकलीच्या मुठीवर जाऊन टेकला. मग तो म्हणाला, "उद्या फाटकाशी भेटू. ही सायकल परत घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी आर्डिसने त्याची पिशवी भरली आणि भिंतीकडे पाहिलं. बंदूक खुंटीवरच होती.

"ती विसरलास."

"फीत बंदुकीला आहे," डेल्मर म्हणाला. "मला नाही."

फाटकाशी ऑटिसने त्याला काठी टेकत येताना पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "सात मैल चालणार? तो खुबा घेऊन?"

"दोन दिवसांत."

"गाढवा, तुला हिवाळ्यात खायला काय?"

"आर्डिस म्हणते कोंबड्या आहेत."

निळी फीत आली तेव्हा डेल्मर थांबला, तिला हात लावला आणि पुढे निघाला. सायकली त्याच्या बाजूने सरसर वर जात होत्या; दुपारपर्यंत त्याने एकोणीस मोजल्या आणि मग मोजणं सोडलं. प्रत्येक अर्ध्या मैलाला तो ओंडक्यावर बसायचा, खुब्याला शिव्या घालायचा आणि उठायचा. रात्र त्याने वाटेवर, सोबत आणलेल्या छोट्या तंबूत काढली.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलताना तो खोऱ्यात पोचला. गवत पिवळं होतं आणि ओढा जिथल्या तिथे वाहत होता. चिखलात मात्र चाकांचेच ठसे होते. ऑटिस एका दगडावर बंदूक मांडीवर घेऊन बसला होता.

"कालपासून बसलोय," तो म्हणाला. "एक शेपटी दिसली नाही. सगळे कड्यापलीकडे गेले."

डेल्मरला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण 'सांगितलं होतं ना' असं तो म्हणाला नाही. तो ओढ्यावर जाऊन पाणी प्यायला आणि अंधार पडेपर्यंत त्याने खोरं बघून घेतलं. परतताना ऑटिसने सायकल हाताने ढकलत त्याच्या चालीने दोन दिवस घालवले. दोघं गिरणीबद्दल बोलले, आर्डिसच्या कोंबड्यांबद्दल बोलले. सायकलीचं नाव कोणी काढलं नाही.

पुढच्या ऑगस्टात डेल्मर पोतं घेऊन फाटकाशी आला, तर ऑटिस आधीच तिथे उभा. त्याच्या पायाशी ओटचं नवं पोतं होतं.

"मला लाल फीत दे," ऑटिस म्हणाला. "तुझ्या-माझ्यात गल्लत नको."

"आधी पोतं उचल," डेल्मर म्हणाला.