डाव्या चाकाचा ड्रम

हिरामण ब्रेकवाल्याची ख्याती अशी, की वडखळ नाक्यावर एखादा ट्रक कुरकुरत थांबला तर हा टपरीच्या बाकड्यावरून न उठताच सांगायचा, कुठल्या चाकाच्या ब्रेकचा लायनर झिजलाय ते. लोक म्हणत, हातात जादू आहे. घरात मात्र त्याच हातांकडून त्याची आई दसऱ्याचं सोनं घेत नसे. सोनाबाई सगळ्या आळीकडून आपट्याची पानं घ्यायची, शत्रूला नाही म्हणायची नाही, आणि हिरामण समोर आला की पदर सावरत आत निघून जायची. थोरला गुणाजी गेल्यापासून हे असंच. हिरामणची सत्तरी आली, म्हातारी नव्वदीला टेकली, तरी.

गुणाजी मिठागराच्या बैलगाडीवर वाढला, पण मोटारीत बसला की त्याला भान नसे. चौलच्या एका शेटची मोटार तो शर्यतीत पळवायचा. मोटार साधीच, घरगुती. गाद्या काढून हलकी केलेली. तिला शर्यतीची करायचा हिरामण. वेगात ब्रेक तापले की पकड सोडतात, म्हणून त्यानं पुढच्या चाकांतल्या, ब्रेक झाकणाऱ्या दोन्ही ड्रमना हवेसाठी भोकं पाडली होती. मिसरूड फुटलेल्या वयात, आणि स्वतःच्या डोक्यानं!

त्या दसऱ्याला मोटार दारात उभी होती, दुसऱ्या दिवशी शर्यत. डाव्या चाकाच्या ड्रममधला ब्रेकचा नट आवळलाय का, हे हिरामणला पुन्हा बघायचं होतं. पण नट आवळायचे लोखंडी पाने तोवर पूजेत मांडलेले, आणि पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. राहिलं ते राहिलंच. शर्यतीत गुणाजीनं वळणावर ब्रेक मारला, तशी मोटार उजवीकडे ओढली गेली आणि बांधावर आदळली. तिरडीपाशी रडता रडता हिरामणच बोलून गेला, ‘‘डावा नट माज्याकडनंच राहिला असंल.’’ कोणी विचारलंही नव्हतं. आईनं ते मनात धरलं, ते कायमचं.

यंदा नवरात्रात निकेत नावाचा तरुण गोणी घेऊन गॅरेजवर आला. शेटच्या वाडीत सडत पडलेली ती मोटार त्यानं विकत घेतली होती आणि पुन्हा शर्यतीची करायची होती.

‘‘काका, सगळे पार्ट मिक्स झालेत. शर्यतीचे कुठले, तेवढं ओळखून द्या ना.’’

हिरामणनं ताडपत्री अंथरली. साधे ड्रम बाजूला सारले. मग भोकांचा ड्रम हाती आला, डाव्या बाजूचा, आतल्या पत्र्यासकट गंजून गच्च बसलेला. त्यानं एका भोकात करंगळी घातली. काठ गुळगुळीत. तिथून तडा जाऊ नये म्हणून कानशीनं घासून घासून गोल केलेला.

‘‘ह्यो माजा,’’ तो म्हणाला. निकेत खुशीत मोबाईलवर फोटो काढू लागला.

डिझेल सोडून, हलके ठोके देत त्यानं ड्रम सोडवला. पहिली नजर गेली नटावर. नट जागच्या जागी, घट्ट. नट सुटू नये म्हणून घातलेली पिनसुद्धा त्यानं वाकवली होती तशीच वाकलेली. म्हणजे राहिलं नव्हतंच काही! उभा जन्म उराशी बाळगलेला तो दगड एका क्षणात उतरला आणि त्याला हुंदका आला.

मग गुणाजी गेला कशानं? ड्रमला घासून चाक धरणारा लायनर काळाकुट्ट, चकचकीत, तेल प्यायलेला; डावं चाक धरलंच नव्हतं, म्हणून मोटार उजवीकडे ओढली गेली. ब्रेक ऑइल गळलं म्हणावं, तर गळल्याची खूण कुठं नव्हती. तेल बाहेरून आलं होतं, त्याच भोकांतून. प्रत्येक भोकाच्या काठाला केशरी खपली होती. हिरामणनं नखानं खरवडली. शेंदूर.

दसऱ्याला बैलगाडीच्या आखात तेल घालायचं, मारुतीचा शेंदूर कालवून, चाक सुखानं फिरावं म्हणून. आणि ते आईनंच घालायचं, ही घरची रीत. त्या वर्षी दारात मोटार होती. उजवी बाजू कुडाला लागलेली, डावं चाक अंगणाकडे. चाकाला नवी भोकं दिसली, तिनं भरली. भोकं कशासाठी ते त्या माउलीला कोण सांगणार?

‘‘काका, काय झालं?’’

‘‘न्हाय, गंज हाय जुना.’’ त्यानं पेट्रोलचं फडकं घेतलं आणि भोकन् भोक पुसायला लागला.

‘‘अहो, राहू द्या! ओरिजिनल रंग आहे तो!’’ निकेत कळवळला. हिरामण पुसतच राहिला.

दसऱ्याच्या संध्याकाळी आई ओटीवर बसली होती. गावात बातमी लपते कुठं? या खेपेला ती उठून गेली नाही.

‘‘त्यो डरम गावला म्हनं. नट बगितलास?’’

‘घट्ट होता, आये.’ हे शब्द ऐकवायला तो जन्मभर झुरला होता. त्यानं म्हातारीच्या सुरकुतलेल्या बोटांकडे पाहिलं.

‘‘ढिला व्हता, आये. माजीच चूक.’’

‘‘म्या येका येका भोकात द्येवाचं त्याल घातलं व्हतं रं,’’ ती म्हणाली, ‘‘तरी न्हाय वाचला माजा ल्योक.’’ मग डोळे पुसून तिनं हात पुढे केला. ‘‘जाऊ दे. ल्हान व्हतास तू बी. आन तुजं सोनं.’’

हिरामणनं पान तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिच्या पायांवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. पाठीवरून हात फिरवत ती म्हणत होती, ‘‘गप. म्या माफ क्येलं तुला.’’