पाठीचा फोटो

"झंपर मागून वर कर आणि पाठ इकडं कर," ताई म्हणाल्या.

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेतली खोली. रविवार. समोर दोन गोऱ्या पाहुण्या, एकीच्या मांडीवर वही, दुसरीच्या गळ्यात कॅमेरा. त्यांचं आपल्याला आणि आपलं त्यांना सांगायला औरंगाबादची एक कॉलेजातली पोरगी. दारात माझी आई. खिडकीचं एक दार निखळलेलं. बाहेर गावातले बापये.

मी एकोणीस वर्षांची. सासर सोडून पंधरा दिवस झाले होते. नवऱ्यानं बैलाच्या कासऱ्यानं मारलं होतं. मारत तो दोन वर्षं होता, पण त्या दिवशी कासरा ओला करून. का मारलं, हे मला सगळे विचारतात. जसं काही कारण पुरेसं निघालं तर मार बराबर ठरणार आहे. मी कारण सांगत नाही.

झंपर मीच वर केला. कुणी हात लावला नाही. हे मुद्दाम लिहिते. ताईंवर माझा विश्वास होता. ताई म्हणजे जालन्याच्या, आमच्या बायकांच्या संस्थेच्या प्रमुख. मला त्यांनीच आसरा दिला होता.

कॅमेरा वाजला. एकदा, दोनदा. मग पाहुणी काहीतरी म्हणाली. पोरगी म्हणाली, "त्या आभार मानतायत."

मी झंपर खाली ओढला आणि म्हणाले, "ताई, ते फौजदाराचं सांगायचं राह्यलं."

"ते नंतर. त्यांना पुढं जायचंय. छान झालं."

छान.

फौजदाराचं असं होतं. मी चौकीत तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला फौजदार म्हणाला, "नवऱ्यानं मारलं तर पोलिसानं पाठ चोळायची का तुझी? जा घरी, तेल लाव." हवालदार हसले. दुसऱ्या खेपेला भेटलाच नाही. तिसऱ्या खेपेला बापाला घेऊन गेले. तर माझ्याकडं न बघता बापाला म्हणाला, "पाटील, पोरगी घरी ठिवायची का नांदायला धाडायची ते तुमचं बघा. असल्यासाठी आम्ही कागद खराब करत नसतो." बाप "व्हय साहेब" म्हणाला.

मार नवऱ्याचा. पण दार बंद केलं ते सरकारनं. मला हे जगाला सांगायचं होतं. हेच.

संस्थेत राहून मी पत्रकं लिहायला शिकले. सातवी पास बाई, स्टेन्सिलवर अक्षरं कोरायची. 'बाई वस्तू नाही.' 'मार हा घरातला मामला नाही.' बोटं काळी व्हायची. बाजाराच्या दिवशी वाटायची. कुणी त्यात भजी बांधायचे. मी पुन्हा छापायची.

वर्षभरानं संस्थेचं गुळगुळीत कागदाचं पुस्तक आलं. इंग्रजीतलं. परदेशात बायकांच्या हक्कांची मोठी सभा भरणार होती, सगळ्या देशांची. त्यासाठी केलेलं. मधल्या पानावर माझी पाठ. पानभर. मी ते माहेरी नेलं. शेजारच्या काशाबाईनं उलटंसुलटं करून बघितलं.

"बयो, तुझं तोंड कुठंय यात? मुंडकं काढून घेतलं की काय त्यांनी?"

बाया हसल्या. मीही हसले. मग मास्तरला खालची ओळ मराठीत वाचायला लावली. 'ग्रामीण भागातील एक पीडित स्त्री.' नाव नाही. नवरा नाही. चौकी नाही. तीन खेपा नाहीत. जशी काही पाठ आपोआप फाटली होती.

आई म्हणाली, "त्या दिशी मी दारातून तोंड फिरवलं व्हतं. आता सारी दुनिया बघून राह्यली."

ताईंना विचारलं. त्या रागावल्या नाहीत. समजूत घातली. "अगं, फौजदारसाहेब आपल्या मोर्चाला बंदोबस्त देतात. त्यांना दुखवून कसं चालेल? आपलं काम आता जगाच्या पातळीवरचं आहे."

ताई परदेशी निघाल्या, त्याआधी जालन्यात कार्यक्रम झाला. पुन्हा पाहुण्या आल्या. तीच कॉलेजातली पोरगी. मंचावर हार घालून मान्यवर बसलेले. त्यांत तिसऱ्या खुर्चीवर तोच फौजदार.

ताईंनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, "रडू आलं तर येऊ दे. शेवटी पाठ."

मी उभी राहिले. रडू आलं नाही. ताईंनी हातानं खूण केली, वळ.

"न्हाई वळणार," मी म्हणाले. "पाठ समद्यांनी बघितलीय. तोंड बघा. मला ज्यानं मारलं तो माझा नवरा. अन् माझी तक्रार ज्यानं लिहून घेतली न्हाई तो ह्या तिसऱ्या खुर्चीवर बसलाय. गळ्यात हार हाय त्याच्या." आणि मी दोघांची नावं घेतली. नवऱ्याचं नाव जन्मात पहिल्यांदा तोंडानं घेतलं. जीभ झडली नाही.

ताई पोरीला हळूच म्हणाल्या, "हे नको सांगूस."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. ताईंकडं बघितलं. आणि सांगितलं. सगळं इंग्रजीत. फौजदार हा शब्द तेवढा तिनं तसाच ठेवला, म्हणून मला कळलं.

फौजदार हसला. "उद्या ये चौकीत. घेऊ लिहून."

गेले. तो नव्हता. हवालदारानं लिहिलं, 'पतीपत्नीत किरकोळ वाद.' मी सही केली नाही. बाकावर बसले. दुपारी त्याचा डबा खाऊन झाला तरी बसले. संध्याकाळी त्यानं नवा कागद घेतला. कासरा लिहिला. तीन खेपा मात्र लिहिल्या नाहीत. खटला कोर्टात अजून लोंबकळतोय. नवऱ्यानं दुसरी केली.

"आमचं दहा वर्षांचं काम तू पाण्यात घातलंस," ताई म्हणाल्या आणि मला संस्थेतून काढलं. त्या परदेशी गेल्या. पोरीनं नंतर सांगितलं, तिथं सभागृहात माझी पाठ भिंतीएवढी लावली होती.

त्या सभेतल्या ठरावाची मराठी प्रत मी मिळवली. घरातल्या मारालाही सरकार जबाबदार आहे, असं त्यात आहे. ते खरं आहे आणि माझ्या कामाचं आहे. ठरावावर माझा राग नाही. माझ्या पाठीवर चढून तो झाला असेल, तर तो माझाही आहे. संस्था सुटली तरी जिल्ह्यात जाफराबादपासून कुंभार पिंपळगावपर्यंत कुठल्याही बाईबरोबर चौकीत गेले की पहिल्यांदा तोच कागद टेबलावर ठेवते.

बाईचं म्हणणं मीच लिहून घेते. मारणाऱ्याचं नाव. मग ज्यानं तक्रार घेतली नाही त्याचं नाव. लिहिलेलं तिला वाचून दाखवल्याशिवाय कागद गावाबाहेर जात नाही. फोटो काढायचा तर तोंडाचा, तेही तिनं म्हटलं तर.

माझा फोटो अजून तिकडंच आहे. परदेशात ज्यांनी ती सभा भरवली त्यांच्या कचेरीला मी तीन पत्रं टाकली. उत्तर नाही. चौथं आज लिहिलं. इंग्रजी त्या पोरीनंच केलं, आणि मी तिला एकेक ओळ परत मराठीत वाचायला लावली. पत्रात एवढंच आहे. तो फोटो काढून टाका. नाहीतर त्याखाली तीन नावं छापा. माझं, नवऱ्याचं आणि फौजदाराचं.

पाचव्या पत्राची तिकिटं आणून ठेवली आहेत.