सशाचा ताप

मोहने गावचा चांगदेव डोंबिवलीच्या औषध कंपनीत लागला, तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. काम सशांचं. सलाईन म्हणा, इंजेक्शन म्हणा, माल बाहेर पाठवायच्या आधी त्यातलं थोडं सशाच्या कानाच्या शिरेत टोचायचं आणि ताप येतो का बघायचं. ताप आला की अख्खा माल नापास! पण ससा पडला भित्रा. वास बदलला, आवाज चढला, तरी त्याचं अंग तापायचं. म्हणून चांगदेव वर्षानुवर्षं एकाच साबणाने अंघोळ करी, केसांना तेल लावत नसे आणि सशांच्या खोलीत 'जय भीम'सुद्धा कुजबुजतच करी. मोठमोठे साहेब दाराशी येऊन हळूच विचारायचे, "चांगदेव, ससे काय म्हणतात?" त्या विचारण्यावरच गडी जगत होता म्हणा ना.

आणि आता? आता म्हणे ससे नकोतच. माणसाचं रक्त घ्यायचं, त्यातल्या पेशींना औषध दाखवायचं. ताप आणणारं काही असलं तर पेशीच सांगतात. आणि हे काम करणारी कोण, तर प्रियांका! त्याच्याच चाळीत शेंबूड पुसत फिरलेली पोर. साहेब आता तिच्या दाराशी उभे राहायचे. घरी बायको, केशरबाई, जेवताना हिचंच पुराण लावायची. "बघा, पोरीने आईबापाचे पांग फेडले!" चांगदेवच्या घशाखाली घास उतरेना. जळला नुसता! त्यात एकदा प्रियांका कोथिंबिरीची जुडी घेऊन सशांच्या खोलीत आली आणि त्याची लाडकी चिंगी तिच्या हाताला बिलगली. शांपूचा घमघमाट सुटलेला, तरी बिलगली! "फितूर कुठली," चांगदेव मनात म्हणाला.

शेवटची एकच चाचणी उरलेली. ती पार पडली की ससे बदलापूरकडच्या एका बागेत कायमचे सुटणार होते. रक्त कंपनीतल्याच चौघांचं घ्यायचं ठरलं. अट एवढीच, की अलीकडे दुखण्याची किंवा तापाची गोळी खाल्लेली नसावी. त्याने पेशी सुस्तावतात. चांगदेवने सगळ्यांच्या आधी बाही वर केली. "वा काका!" प्रियांका केवढी खूश झाली. आणि ह्या बहाद्दराने केशरबाईची सांधेदुखीची जालीम गोळी सकाळीच चहाबरोबर गिळलेली!

चौघांचं रक्त एकत्र केलं, त्याला मुद्दाम बिघडवलेलं औषध दाखवलं. पेशींनी हवा तेवढा जोर काही दाखवला नाही. चाचणी फसली. साहेब चांगदेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "शेवटी तुमचेच ससे कामाला येणार! हेच औषध त्यांना टोचून बघा. ते काही एवढ्यात जात नाहीत आता." हेच ऐकायला त्याचे कान आसुसलेले. छाती फुगवून तो खोलीत गेला, चिंगीला पेटीत बसवलं, मान अडकवली आणि टोचलं.

ताप आला. येणारच होता. काम आटोपल्यावर त्याने तिला मांडीवर घेतलं. कान तव्यासारखे तापलेले, अंग थरथरत होतं. एरवी असा ताप आला की तो मिरवत साहेबांकडे जायचा. आज त्याला उठवेना.

दारात प्रियांका आली. रडून डोळे सुजलेले. "काका, माझ्यामुळे झालं हे हिला. माझंच काहीतरी चुकलं." तिने हात पुढे केला, तशी चिंगीने डोकं त्या हातावर टेकलं. चांगदेव पुन्हा जळला. ह्याही वेळेला! त्याला स्वतःचीच किळस आली.

"तुझं काय नाय चुकलं, पोरी," तो म्हणाला. "मी गोळी खाल्लेली. तुझ्यावर जळून."

तिने चिंगीला त्याच्या मांडीवरून उचललं, आणि त्याने उचलू दिलं.